बोललेली गोष्ट : बंजारमासिनमधले सात दिवस

पहिला दिवस

मुंबईहून रात्री निघाले, जकार्ताला विमान बदललं आणि दुपारी कालिमंतानच्या दक्षिण टोकाला उतरले. घड्याळ अडीच तास पुढे सरकवलं. बोर्निओ बेटाचा इंडोनेशियाकडचा भाग म्हणजे कालिमंतान. त्याच्या दक्षिणेला बारितो आणि मार्तापुरा या नद्यांच्या कुशीत बंजारमासिन वसलंय.

निघण्याआधी बहिणीनं विचारलं होतं, "बंजार म्हणजे आपले बंजारा का गं?" नाही. नावातलं साम्य योगायोगाचं. हे मलय-वंशाचे, मुस्लिम धर्माचे, नदीवर जगणारे लोक. बोलतात बंजार भाषा. यांच्याकडे गोष्ट सांगण्याच्या आणि गाण्याच्या ज्या जुन्या रीती आहेत, त्यांच्यासाठी मी आले होते. एका चर्चासत्रात पाच मिनिटांचं ध्वनिमुद्रण ऐकलं होतं. एक म्हातारा आवाज, एक मोठा डफ, आणि मागे कुणीतरी मधून मधून "हं" म्हणतंय. तो "हं" माझ्या डोक्यातून दोन वर्षं गेला नाही.

माझी दुभाषी इथल्याच विद्यापीठात शिकणारी मुलगी. विमानतळावर तिनं विचारलं, "तुम्हाला इबू म्हणू की आचिल?" इबू म्हणजे बाई, मॅडम. आचिल म्हणजे मावशी. मी आचिल झाले. संध्याकाळी सोतो बंजार खाल्लं. कोंबडीचा दालचिनी-चक्रीफुलाचा वास असलेला पातळ रस्सा, त्यात केतुपात नावाच्या भाताच्या वड्या आणि उकडलेलं अंडं. पाऊस लागला होता. लवकर झोपले.

दुसरा दिवस

पहाटेच्या अजानीबरोबर क्लोतोकमध्ये बसलो. क्लोतोक म्हणजे इंजिनाची लाकडी होडी. इंजिनाच्या आवाजावरूनच हे नाव पडलं असावं असं वाटतं. तासाभरात 'लोक बाइंतान' या गावी पोचलो. तिथे नदीवरच बाजार भरतो. शंभरेक जुकुंग, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होड्या, एकमेकींना खेटून प्रवाहाबरोबर हळूहळू वाहत असतात. बाजार सुरू होतो एका वळणावर आणि संपतो दुसऱ्याच वळणावर. विकणाऱ्या बहुतेक बायकाच. डोक्यावर छत्रीएवढी रुंद, झावळ्यांची तांगुई टोपी, गालांवर तांदळाच्या पिठाचा थंड लेप. पैशांऐवजी मालावर माल देण्याची रीतही अजून टिकून आहे. माझ्यासमोर एकीनं संत्री देऊन दुसरीकडून भाजी घेतली.

एका होडीत लहान, काळसर जांभळे आंबे होते. नाव विचारलं तर उत्तर आलं, "कस्तुरी." मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. चूक नव्हती, आपलाच शब्द. हा आंबा फक्त याच भागातला. जंगलातून तो नाहीसा झालाय, आता लोकांच्या परसातच उरलाय. साल काढली तर आत केशरी गर, रेषाळ आणि फार गोड.

मी भाव विचारला तशी त्या आचिलनं वल्हं आडवं ठेवलं आणि पांतुन म्हटलं. पांतुन म्हणजे चार ओळींचं कडवं. पहिल्या दोन ओळींत नदी, झाड, फळ, पक्षी, काहीही. वरवर पाहता मुद्द्याशी संबंध नाही. पुढच्या दोन ओळींत खरं बोलणं. यमक एक सोडून एक जुळतं. तिनं आधी नदीत तरंगणाऱ्या केळीच्या खोडाचं सांगितलं आणि मग म्हणाली, की घासाघीस करून नेलंस तरी चालेल, पण आंबा संपला की परत ये. दुभाषीनं अर्थ सांगेपर्यंत शेजारच्या होडीतून दुसरीनं उलट पांतुन टाकलं: हिच्याकडे परत येऊ नको, पुढची होडी माझी आहे. चार होड्या हसल्या.

पांतुनला युनेस्कोनं २०२० साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, इंडोनेशिया आणि मलेशिया दोघांच्या नावानं. चांगली गोष्ट आहे. पण त्या होडीत बसून मला आजीचं जातं आठवत होतं. ओवीही अशीच कुठूनतरी लांबून सुरू व्हायची, तुळस, चंद्रभागा, कुणाचा तरी चुडा, आणि चौथ्या चरणाला सासरचं दुखणं बाहेर यायचं. आधी आडोसा, मग बोलणं. तोंडावर बोलता येत नाही ते बोलायची ही सोय बायकांनी दोन्हीकडे शोधली, याचं मला मनापासून अप्रूप वाटलं.

परतताना एका घराच्या पडवीत तान्हं बाळ कापडाच्या झोळीत उभ्यासारखं बसवून, मानेभोवती कापड हलकंच आवळून झोके देत होते. याला बापुकुंग म्हणतात. मला आधी भीती वाटली. बाळ मात्र शांत झोपलं होतं, आणि आजी एकाच सुरात काहीतरी गुणगुणत होती.

तिसरा दिवस

दिवसभर पाऊस. संध्याकाळी नदीकाठच्या एका लहान कार्यक्रमात मादिहिन ऐकलं.

मादिहिन हे नाव स्तुती या अर्थाच्या अरबी शब्दावरून आलं असं मानतात. एक किंवा दोन गाणारे, हातात तारबांग म्हणजे डफ, आणि तिथल्या तिथे रचलेल्या ओळी. आजचा गाणारा तिशीतला, दिवसा शाळेत शिकवणारा. पिवळा सदरा, डोक्याला लाऊंग नावाचा घडीचा फेटा. पिवळा हा बंजार राजघराण्याचा रंग.

सुरू करण्याआधी तो तारबांगशी खटपट करत होता, म्हणून मी जवळ जाऊन बसले. लाकडाचं खोलगट कडं, एका बाजूला बकऱ्याचं कातडं, दुसरी बाजू उघडी. पावसानं कातडं सैल झालं होतं. त्यानं वेताची एक लांब कांब घेतली, आतल्या बाजूनं कातडं आणि लाकूड यांच्या फटीत बोटानं दाबत दाबत गोल फिरवली, शेवटचं टोक लाकडी ठोकळ्यानं ठोकून बसवलं. बोटानं टिचकी मारली. मान हलवली. कांब थोडी बाहेर ओढली, पुन्हा ठोकली. तिसऱ्या टिचकीला आवाज मोकळा झाला. आपल्याकडे शाहीर डफ शेकोटीवर धरतात, तेच काम. दिवसभर पाऊस पडणाऱ्या गावात शेकोटी कुठून आणणार, म्हणून वेत.

मग त्यानं एक लांब हाळी दिली, ठेका धरला, अर्धं पांतुन म्हटलं आणि सभेला सलाम केला. या भागाला ताबी म्हणतात: वडीलधाऱ्यांना वंदन, चुकीची आगाऊ माफी. त्यानंतर खरा विषय. आजचा विषय नदीत कचरा टाकणं हा होता, आणि त्यानं ते इतक्या गमतीनं सांगितलं की ज्यांना टोमणा बसला तेच जास्त हसत होते. मध्येच थांबून त्यानं मला गाव विचारलं. "मुंबई," मी म्हटलं. त्यानं दोन ठेके नुसते वाजू दिले आणि निघाला. मुंबाय, सुंगाय, रामाय, पांदाय, वादाय. नदी, गजबज, हुशार, आणि शेवटी गोड खाऊ. एका यमकावर ओळीमागून ओळ. पाहुणी मुंबईहून नदी ओलांडून आली, गजबजलेल्या गावची आहे म्हणजे हुशार असणार, तिला वादाय खायला घाला. खरोखरच माझ्या हातात कुणीतरी पानात गुंडाळलेला खाऊ ठेवला.

मादिहिनचं नाव निघालं की लोक जॉन त्रालाला यांची आठवण काढतात. इथले सगळ्यात गाजलेले पामादिहिनान, म्हणजे मादिहिन गाणारे. ते २०२२ मध्ये गेले. आजच्या गाणाऱ्यानं त्यांचं नाव घेताना हात छातीवर ठेवला. दोघे जण समोरासमोर बसून सवाल टाकतात, तेव्हा रंगत आणखी वाढते असं तो म्हणाला. मी त्याला कलगी-तुऱ्याबद्दल सांगितलं. त्यानं विचारलं, हरणारा काय करतो? मी म्हटलं, पुढच्या वर्षी नवा सवाल घेऊन येतो. त्याला हे फार पटलं.

चौथा दिवस

गाडीनं वर, हुलू सुंगाय म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला. बंजारबारू, मार्तापुरा, रांताऊ, कांदांगान. कांदांगानला केतुपात आणि नारळाच्या दुधातला हारुआन मासा. इथे केतुपात हातानं कुस्करून रश्श्यात कालवतात. चमचा मागितला तर दुकानदाराला वाईट वाटेल असं दुभाषीनं बजावलं.

बारिकिन या कलावंतांच्या गावी थोडा वेळ थांबलो. इथे वायांग गुंग करतात. बाहुल्या नसून माणसंच रामायण नाचतात. एका आजोबांनी हनुमानाचा मुकुट काढून दाखवला, काचेच्या तुकड्यांनी मढवलेला. मशिदीतून नमाज करून आलेले ते आजोबा मला सेतू कसा बांधला ते सांगत होते, आणि मध्ये कुठेही त्यांना अडखळायला झालं नाही.

रात्री आमुंताईला मुक्काम.

पाचवा दिवस

आमुंताईत चंडी आगुंग या जुन्या मंदिराचे विटांचे अवशेष आहेत. बघायला फार काही नाही. पाया आणि एक लहान संग्रहालय. पण बंजार लोकांची मूळकथा इथली, म्हणून मी ओलसर विटांपाशी बराच वेळ उभी राहिले. 'हिकायत बंजार' या जुन्या बखरीत ती कथा आहे. केलिंग देशाचा एक श्रीमंत व्यापारी मरताना मुलाला सांगतो: हा देश सोड, जिथली माती हाताला ऊन लागेल आणि जिला सुगंध असेल अशी भूमी शोध. मुलगा एम्पू जात्मिका जहाजं घेऊन निघतो. उतरेल तिथे माती खणून हातात घेतो, आणि शेवटी या ठिकाणी ती ऊन आणि सुवासिक लागते. तिथे तो नगारा दिपा हे राज्य वसवतो. पुढे त्याच्या मुलाला, लाम्बुंग मांगकुरातला, नदीच्या फेसातून वर आलेली राजकन्या सापडते. केलिंग म्हणजे भारताचा कलिंग किनारा असं काही अभ्यासक मानतात. काही ते जावाकडे नेतात. माझ्या दुभाषीला तो वाद माहीत होता, तरी तिनं मला हसून सांगितलं, "आचिल, मग आपण एकाच गावच्या." मीही वाकून चिमूटभर माती घेतली.

परतीच्या वाटेवर रांताऊजवळ एका लग्नघरी मामान्दा होतं. याच्याबद्दल मला सविस्तर लिहायचंय, कारण याचा धागा थेट मुंबईपर्यंत येतो.

मामान्दा हे बंजार लोकांचं नाटक. त्याची सुरुवात १८९७ ची सांगतात. आजच्या मलेशियातल्या मलाक्काहून एन्चिक इब्राहिम आणि त्यांची पत्नी चिक हावा यांची मंडळी बंजारमासिनला आली आणि त्यांनी अब्दुल मुलुकची कथा रंगवली. त्यावरून लोक या खेळाला बादामुलुक म्हणू लागले. नंतर मामान्दा हे नाव रूढ झालं, कारण नाटकातला राजा प्रधानाला "पामान्दा", म्हणजे आदरानं "काका", अशी हाक मारतो. आता ही मलाक्काची मंडळी म्हणजे बांगसावान नाटकवाली. आणि बांगसावान जन्मलं ते १८७०-८० च्या सुमारास पिनांगला, मुंबईहून आलेल्या पारशी नाटक मंडळ्यांचे खेळ पाहून. तिकडे त्या पारशी खेळांना वायांग पार्सीच म्हणायचे. मुंबईत ज्या काळात पारशी मंडळ्या आणि मराठी मंडळ्या एकाच शहरात खेळ लावत होत्या, त्याच काळात त्यातल्या काही समुद्रापार गेल्या, आणि त्यांची पेटवलेली ज्योत पिनांग, मलाक्का असं करत या लग्नाच्या मांडवापर्यंत आली. मी तिथे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून हे मनात जुळवत होते आणि मला भरून आलं होतं.

मांडवात एक टेबल, दोन खुर्च्या, एवढाच दरबार. बाजूला व्हायोलिन, बाबुन ढोलकं, गाँग. आधी बालादोन: पात्रं ओळीनं नाचत-गात येतात. मग दरबार भरतो. हारापान म्हणजे पहारेकरी, ते पावलं आपटत ऐटीत वर्दी देतात. सुलतान, मांगकुबुमी म्हणजे मुख्य प्रधान (यातली "बुमी" म्हणजे आपली भूमी), वझीर, सेनापती आणि खादाम. खादाम हा सोंगाड्या. संहिता नाही. कथेचा सांगाडा ठरलेला, संवाद जागेवर. सुलतान जड, दरबारी भाषा बोलतो आणि खादाम त्याला गावच्या बोलीत उत्तर देतो. प्रेक्षक गप्प बसत नाहीत. एका आजींनी खादामला ओरडून सांगितलं की तू खोटं बोलतोस, सुलतानाला खरं सांग. खादामनं तिथल्या तिथे आजींनाच साक्षीदार म्हणून दरबारात बोलावलं. आजी उठल्या, सुलतानासमोर गेल्या, साक्ष दिली आणि परत येऊन बसल्या. नाटक पुढे सुरू झालं. वगनाट्य पाहत वाढलेल्या कुणालाही हा दरबार ओळखीचा वाटेल.

जाता जाता सांगायला हवं: अब्दुल मुलुकच्या मूळ कथेत त्याच्यावर चाल करून येणारा राजा हिंदुस्तानचा आहे, आणि अब्दुलला सोडवते त्याची बायको, पुरुषाचा वेश घेऊन.

सहावा दिवस, आणि रात्र

दुपारी बंजारमासिनला परतलो. रात्री अलालाकला जायचं होतं, लामुत ऐकायला. माझ्या त्या पाच मिनिटांच्या ध्वनिमुद्रणातली कला ती हीच.

लामुत सांगणाऱ्याला पालामुतान म्हणतात. एकटा माणूस, मांडीवर मोठा तारबांग, मादिहिनच्या तारबांगापेक्षा बराच मोठा, आणि रात्रीच्या इशाच्या नमाजानंतर पहाटेपर्यंत एक कथा. ती कथा चिनी व्यापाऱ्यांच्या जहाजातून आली असं सांगतात. राजपुत्र कासान मान्दी, त्याचं प्रेम, दूरचे प्रवास, आणि त्याला सांभाळणारा वडीलधारा लामुत, ज्याच्या नावावरून सगळा प्रकारच ओळखला जातो. सोबत लाबाय बुरान्ता, हसवणारा.

पण आजचा लामुत करमणुकीचा नव्हता. घरातला सहा वर्षांचा नातू दोन महिने तापानं अंथरुणाला खिळला होता, तेव्हा आजीनं बोलून ठेवलं होतं: पोर उठलं तर लामुत घालीन. पोर उठलं. आता बोललेलं फेडायचं.

खांबांवर उभं लाकडी घर. खाली पाणी, फळ्यांच्या फटीतून ते दिसत होतं. पालामुतानांसमोर ताटात चिकट तांदूळ, नारळ, गूळ, अंडं, सुई-दोरा, सुटे पैसे. धूप पेटवला. मला क्षणभर आमच्या घरातला जागरणाचा चौक दिसला: कलश, भंडारा, उसाची ताटं, समोर वाघ्या-मुरळी. माझ्या धाकट्या भावासाठी आईनं बोललेलं ते जागरण होतं. मी दहा वर्षांची होते.

पालामुतान सत्तरीपुढचे. सगळे त्यांना काई, म्हणजे आजोबा म्हणत होते. त्यांनी पोराच्या डोक्यावर हात ठेवला, काही पुटपुटले आणि सुरू केलं. सुरुवातीला दुभाषी माझ्या कानात प्रत्येक वाक्य सांगत होती. राजवाडा, स्वप्न, जहाजाची तयारी. काई राजपुत्र बोलताना मान ताठ करायचे, लामुत बोलताना आवाज खाली, घशात न्यायचे आणि लाबाय बुरान्ता आला की नाकातून बोलायचे. दुसरं काही नाही; ना पडदा, ना बाहुली, ना मुखवटा. तारबांगावर तळहात पडला की दार बंद झालं, नुसती बोटं पडली की वल्ही चालली.

बारानंतर दुभाषीला झोप लागली. मग मी भाषेशिवाय ऐकत राहिले. आता प्रवास चाललाय, आता भांडण, आता कुणीतरी रडतंय, एवढं कळत होतं. दोनच्या सुमारास खोलीत बहुतेक सगळे झोपले होते. पोर आजीच्या मांडीवर केव्हाच आडवं झालं होतं. काईंच्या आवाजात मात्र काही फरक पडला नाही. भरल्या खोलीला सांगत होते तसंच ते झोपलेल्या खोलीला सांगत राहिले. आणि दर थोड्या वेळानं आजीचा "हं" यायचा. तोच "हं". आमच्याकडे त्याला हुंकार म्हणतात. जागरणाच्या रात्री शेजारी-पाजारी सतरंजीवर लवंडले होते, वाघ्या गात होता आणि आई एकटी भिंतीला टेकून हुंकार देत होती. नवस तिचा होता, तिला झोपून चालणार नव्हतं.

तीनला चहा आला तेव्हा मी दुभाषीला उठवून काईंना विचारलं, आता लोक रात्रभर ऐकतात का? ते म्हणाले, समारंभात बोलावतात तेव्हा अर्धा तास देतात, तेव्हा मी अर्ध्या तासाचं सांगतो, त्यात कमीपणा नाही. पण हाजात असेल, म्हणजे कुणी बोललेलं असेल, तर पहाटेच्या आत थांबत नाही. शिकायला कोण येतं? दोन-तीन मुलं येतात, तारबांग लवकर शिकतात, कथा पाठ करायला कुणाला सवड नाही. हे ते तक्रारीच्या सुरात बोलले नाहीत. मला मात्र फार लागलं. आमच्या गावची जागरणं आता साडेअकराला आरती करून मोकळी होतात, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं, ते त्या रात्री वाटलं. मोबाईलवर मी सगळं टिपत होते, पण उद्या हे कुणी ऐकेल तेव्हा तिथे हुंकार कोण देणार?

सातवा दिवस

अजानीच्या थोडं आधी काईंनी कथा किनाऱ्याला लावली. कासान मान्दीचं जहाज घरी आलं. काईंनी वाटीतलं सुगंधी तेल-पाणी पानानं पोराच्या कपाळावर, खांद्यांवर शिंपडलं. याला तापुंग तावार म्हणतात. गार थेंबांनी पोर जागं झालं, डोळे चोळत बसलं. बायका वादायची ताटं घेऊन आल्या. दुपारी माझं विमान होतं, दुभाषी घड्याळ पाहत होती.

पोरानं हातात खाऊ घेतला आणि आजीला काहीतरी विचारलं. दुभाषी म्हणाली, "तो विचारतोय, जहाज बुडालं का?"

आजीनं त्याला जवळ ओढलं आणि झोप लागली तिथपासून सांगायला सुरुवात केली. ताल नाही, सूर नाही, घोगऱ्या आवाजात, मधे मधे खाऊचा तुकडा मोडत. काई तारबांगातली वेताची कांब सोडवून पिशवीत भरत होते. त्यांचे हात थांबले. ते भिंतीला टेकले, डोळे मिटले, आणि आजीच्या पहिल्या वाक्याला म्हणाले, "हं."